पिंप क्रमांक ६९ : मिश्रणाची चव आणि चवीचा न्याय

१

एडिंबरा शहराला लागून असलेल्या लीथ बंदरात १८८२ साली एक परीक्षा झाली, असे सांगतात. विल्यम सँडरसन या मद्यव्यापाऱ्याने निरनिराळ्या व्हिस्क्या वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळून जवळजवळ शंभर मिश्रणे सिद्ध केली. ती मिश्रणे त्याने वेगवेगळ्या पिंपांत भरली, पिंपांवर फक्त क्रमांक घातले आणि काही जाणकारांना बोलावून चव घ्यायला सांगितले. परीक्षकांचा कौल एकोणसत्तराव्या पिंपाला मिळाला. मोठ्या पिंपाला इंग्रजीत 'व्हॅट' म्हणतात. 'व्हॅट ६९' हे नाव असे जन्माला आले.

ही हकीकत व्यवसायाच्या दंतकथांपैकी एक आहे, तेव्हा तिच्यात जाहिरातीचा अंश किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण समीक्षेचा विचार करणाऱ्याला ती आकर्षक वाटावी असे तिच्यात काही आहे. इथे परीक्षकांपुढे नाव नाही, किंमत नाही, गाळणाऱ्याचे घराणे नाही. आहे तो फक्त एक आकडा आणि पेल्यातला द्रव. पुढे १९२९ साली आय. ए. रिचर्ड्‌स यांनी 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' प्रसिद्ध केले. त्याआधी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे वगळून कविता वाचायला देण्याचा जो प्रयोग त्यांनी केला होता, त्याची ही जणू व्यापारी आवृत्ती.

मात्र गोष्ट तिथे संपत नाही. ज्या आकड्याने नाव झाकले, तोच आकडा पुढे नाव झाला. सत्तरच्या दशकातल्या हिंदी चित्रपटांतील खलनायकाच्या अड्ड्यावर ती बाटली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. त्या बाटलीतल्या पेयाची चव कशी आहे, हे प्रेक्षागृहातल्या शेकड्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. बाटलीचा अर्थ मात्र सगळ्यांना कळत होता. चवीसाठी झालेल्या निवडीतून निघालेले पेय चव न घेताच ओळखले जाऊ लागले.

आज चक्र आणखी फिरले आहे. 'सिंगल मॉल्ट'चे माहात्म्य वाढल्यापासून 'व्हॅट ६९', 'टीचर्स' किंवा 'रेड लेबल' यांसारख्या बेताच्या किमतीच्या मिश्र स्कॉचकडे जाणकार म्हणवणारे थोडे नाक मुरडूनच पाहतात. सिंगल मॉल्ट म्हणजे अस्सल आणि ब्लेंडेड म्हणजे पातळ केलेली, भेसळीच्या अलीकडची काहीतरी वस्तू, असा हा समज आहे. हा समज इतिहासाला धरून नाही आणि चवीच्या विचारालाही धरून नाही, असे मला वाटते. मिश्रणाचा न्याय करायचा तर तो कोणत्या कसोटीने, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी लंडनच्या एका न्यायालयातही विचारला गेला होता. म्हणून आधी इतिहास पाहू.

२

स्कॉटलंडमध्ये मद्य गाळल्याची पहिली सर्वपरिचित नोंद राजकोषाच्या १४९४-९५ च्या हिशेबवहीत आहे. जॉन कॉर या धर्मबंधूला 'जीवनजल' तयार करण्यासाठी आठ बोल माल्ट दिल्याची ती नोंद. 'व्हिस्की' हा शब्दही त्याच अर्थाच्या गेलिक शब्दावरून आला. पण त्या जीवनजलाचा आजच्या स्कॉचशी संबंध नावापुरताच. ते लाकडी पिंपात वर्षानुवर्षे मुरवलेले पेय नव्हते. डोंगराळ भागात घरोघरी गाळली जाणारी, अबकारी अधिकाऱ्यांपासून लपवली जाणारी ती दारू होती. १८२३ च्या अबकारी कायद्याने परवान्याची फी आणि कर सुसह्य केले, तेव्हा कुठे चोरट्या भट्ट्यांचे रूपांतर कायदेशीर उद्योगात होऊ लागले.

या व्हिस्कीचे गाळप तांब्याच्या भांड्यात होई. मोड आणून वाळवलेल्या सातूचे, म्हणजे माल्टचे, आंबवण भांड्यात घालायचे, तापवायचे, वाफ थंड करून अर्क धरायचा. मग भांडे रिकामे करून पुन्हा भरायचे. माल्ट वाळवताना पीट जाळले असेल तर त्याचा धूर अर्कात उतरे. पीट म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साठलेल्या वनस्पतींचे थर. ते कापून, वाळवून जळणासाठी वापरतात. अशा रीतीने तयार झालेली व्हिस्की उग्र असे, आणि आजची उद्यासारखी निघेल याची खात्री नसे.

१८३० च्या सुमारास या कामात मोठा बदल झाला. आयर्लंडमध्ये अबकारी खात्यात वरिष्ठ पदावर राहिलेल्या इनिअस कॉफी यांनी अखंड चालणाऱ्या स्तंभाकार यंत्राचे पेटंट घेतले. त्याआधी रॉबर्ट स्टाइन यांनी त्याच दिशेने प्रयत्न केलेला होता. या यंत्रात एका बाजूने आंबवण सोडत राहायचे आणि दुसऱ्या बाजूने तीव्र, स्वच्छ, सौम्य चवीचा मद्यार्क मिळत राहायचा. त्याला सगळा माल्टच लागे असे नाही. मका किंवा गहू चाले, सोबत थोडा माल्ट असला की पुरे. १८४६ मध्ये धान्य आयातीवरचे कायदे रद्द झाल्यावर बाहेरचा मकाही सुलभ झाला. हीच ग्रेन व्हिस्की.

आता एका बाजूला गुणवान पण तऱ्हेवाईक मॉल्ट होती आणि दुसऱ्या बाजूला स्वस्त, एकसारखी पण काहीशी अबोल ग्रेन. या दोघींची गाठ घालून देणारा माणूस भट्टीवरचा नव्हता. तो दुकानात बसणारा वाणी होता. किल्मारनॉकचे जॉन वॉकर, ॲबर्डीनचे चिव्हास बंधू, पर्थचे मॅथ्यू ग्लोग, एडिंबराचे जॉर्ज बॅलंटाइन ही आज बाटल्यांवर झळकणारी नावे किराणा दुकानदारांची आहेत. ठिकठिकाणचा चहा मिसळून गिऱ्हाइकाला रुचेल असे मिश्रण विकणे हा त्या काळच्या वाण्याचा नित्याचा उद्योग. आपल्याकडे गोडा मसाला करणाऱ्या घरांना जसे ठाऊक असते, की धने यंदा कमी वासाचे निघाले तर दगडफूल नि दालचिनीचा हात सावरावा लागतो, तसेच हे. मिश्रणाची कला म्हणजे बदलत्या जिनसांतून न बदलणारी चव काढण्याची कला.

एडिंबराच्या अँड्र्यू अशर यांनी १८५३ मध्ये ग्लेनलिव्हेटच्या वेगवेगळ्या पिंपांतल्या व्हिस्कीचे मिश्रण बाजारात आणले. १८६० च्या कायद्याने तर शुल्क भरण्यापूर्वीच, सरकारी कुलपाखालच्या गोदामात, मॉल्ट आणि ग्रेन एकत्र करण्याची मुभा दिली. तिथून ब्लेंडेड स्कॉचचा खरा काळ सुरू झाला. त्याच सुमारास फ्रान्समधल्या द्राक्षवेलींवर फायलॉक्सेरा या किडीचा घाला पडला आणि पुढच्या दोन दशकांत इंग्लंडच्या मध्यमवर्गाला कोन्याक मिळेनाशी झाली. ब्रँडी-सोड्याच्या पेल्यातली रिकामी जागा व्हिस्की-सोड्याने भरून काढली. स्कॉटलंडच्या डोंगरातले पेय जगभर गेले ते या वाण्यांच्या मिश्रणांतून.

तेव्हा 'मूळ शुद्ध मॉल्ट आणि तिची पुढे झालेली स्वस्त नक्कल' हे चित्र बरोबर नाही. जगाने जिला स्कॉच म्हणून ओळखले ती आरंभापासून मिश्रच होती. एकाच भट्टीची मॉल्ट देशाबाहेर नेटाने विकण्याचा ग्लेनफिडिकचा प्रसिद्ध उपक्रम १९६३ चा आहे. त्या अर्थाने सिंगल मॉल्टची आजची प्रतिष्ठा ब्लेंडपेक्षा वयाने लहान आहे.

३

मिश्रणाला फसवणुकीचा वास येऊ लागला त्यालाही कारणे होती. लीथच्याच पॅटिसन बंधूंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जाहिरातींवर पैसा उधळून मोठा डोलारा उभारला. त्यांनी पोपटांनाही आपल्या व्हिस्कीचे नाव घ्यायला शिकवले होते, अशी आख्यायिका आहे. १८९८ च्या डिसेंबरात हा डोलारा कोसळला. स्वस्त मद्यात थोडी चांगली मॉल्ट मिसळून ते उंची ग्लेनलिव्हेट म्हणून विकले जात होते, हे उघडकीस आले आणि १९०१ मध्ये दोघा भावांना शिक्षा झाली. पॅटिसनांबरोबर अनेक छोट्या कंपन्याही बुडाल्या. मॉल्ट गाळणाऱ्यांच्या मनात ग्रेनविषयी जी अढी होती तिला या प्रकरणाने बळ मिळाले.

१९०५ मध्ये लंडनच्या इस्लिंग्टन भागातील नगरपरिषदेने दोन मद्यविक्रेत्यांवर खटले भरले. आधार होता १८७५ च्या अन्न व औषध विक्री कायद्याचा. गिऱ्हाइकाने जी वस्तू मागितली तिच्या प्रकृतीची, द्रव्याची आणि गुणवत्तेची वस्तू त्याला मिळाली नाही, हा आरोप. व्हिस्की मागणाऱ्याला बहुतांशी ग्रेन मद्यार्क दिला गेला, तेव्हा त्याला व्हिस्की मिळाली की नाही? दंडाधिकारी फोर्डहॅम यांनी फेब्रुवारी १९०६ मध्ये 'नाही' असे उत्तर दिले. स्तंभयंत्रातून निघालेला मद्यार्क त्यांच्या मते व्हिस्की नव्हताच. अपिलात न्यायपीठ समसमान विभागले गेले आणि प्रश्न लोंबकळत राहिला. अखेर १९०८ मध्ये लॉर्ड जेम्स ऑफ हेरफर्ड यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमावा लागला.

'व्हिस्की म्हणजे काय?' हे त्या आयोगापुढचे कोडे होते. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न ओळखीचा वाटेल, कारण 'कविता म्हणजे काय?' या प्रश्नाशी झगडताना आपणही कधी घटकांकडे, कधी कृतीकडे, कधी परिणामाकडे पाहतो. आयोगाने १९०९ च्या अहवालात व्यापक व्याख्या स्वीकारली. माल्टमधल्या विकरांनी ज्यातील पिष्टाची साखर केली आहे अशा धान्याच्या आंबवणातून गाळलेला मद्यार्क म्हणजे व्हिस्की. आणि तो स्कॉटलंडमध्ये गाळला असेल तर स्कॉच. भांडे की स्तंभ, हा भेद व्याख्येत आला नाही. मिश्रण जिंकले.

या निकालाकडे केवळ मोठ्या भांडवलाचा विजय म्हणून पाहता येते, आणि त्यात तथ्य आहे. सहा ग्रेन उत्पादकांनी १८७७ मध्ये एकत्र येऊन स्थापलेली डिस्टिलर्स कंपनी तोवर बलाढ्य झाली होती. तिच्या मक्तेदारीला शह द्यायला १८८५ मध्ये एडिंबरात नॉर्थ ब्रिटिश ही स्वतंत्र ग्रेन डिस्टिलरी उभी राहिली, तिच्या संस्थापकांत अशर होते आणि आपले सँडरसनही होते. पण आयोगाच्या उत्तरात एक मर्यादाही होती. चव कशी असावी, याबद्दल व्याख्या गप्प आहे. किती वर्षे मुरवावी याचीही सक्ती आयोगाने केली नाही. ती सक्ती पहिल्या महायुद्धात आली. १९१५ च्या कायद्याने आधी दोन वर्षांची आणि मग तीन वर्षांची. आजचे नियम २००९ चे आहेत. ओकच्या, ७०० लिटरपेक्षा मोठे नसलेल्या पिंपात किमान तीन वर्षे, मद्यार्काचे प्रमाण किमान ४० टक्के, आणि वरून घालायचे ते फक्त पाणी आणि रंगासाठी साधे कॅरमेल. कायद्याला सांगता येते ते एवढेच. वस्तू कोणती आहे हे कायदा सांगतो. ती कशी आहे हे सांगायला जीभच लागते.

४

हे पेय मुंबईत आले तेव्हा न्यायाचे प्रश्न आणखी गुंतागुंतीचे झाले. इंग्रजी अमलात 'छोटा पेग' आणि 'बडा पेग' हे शब्द साहेबाच्या व्हरांड्यातून आपल्या भाषांत उतरले. मराठी साहित्यात मात्र मद्य आले ते प्रामुख्याने नीतीचा प्रश्न म्हणून. राम गणेश गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेल्या 'एकच प्याला'ने तर मराठी मनावर कायमचा ठसा उमटवला. सुधाकराच्या प्याल्यात नेमके काय होते, त्याची चव कशी होती, हा प्रश्न विचारणेही आपल्याला औचित्यभंगाचे वाटेल. आणि नाटकाच्या संदर्भात ते वाटणे योग्यच आहे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे ही काही नाटककाराची कल्पना नव्हती. पण त्याचा एक परिणाम असा झाला, की पिण्याचे धोके सांगणारी भाषा आपल्याकडे समृद्ध झाली आणि चवीची भाषा तयार होण्याचे राहून गेले.

त्यात १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या काही तरतुदी रद्द केल्या, तरी कायदा उभा राहिला. परमिट हा शब्द रूढ झाला. साठच्या दशकात बंधने सैल झाली, पण आयात स्कॉच दुर्मीळच राहिली. अशा बाजारात चवीपेक्षा बाटलीला मोल येते. परदेशी बाटल्या रिकाम्या झाल्यावरही विकल्या जात आणि पुन्हा भरल्या जात, हा मुंबईकरांना परिचित असलेला उद्योग. सँडरसनच्या दंतकथेत नाव झाकलेले आणि द्रव खरा होता. इथे नाव खरे आणि द्रव संशयास्पद.

'परवडणारी' हे विशेषणही भूगोलावर अवलंबून असते. ग्लासगोत कामगाराच्या हातात दिसणारी साधी ब्लेंड भारतात १५० टक्के सीमाशुल्कामुळे लग्नाच्या आहेराची वस्तू झाली. (२०२५ मध्ये भारत-ब्रिटन यांच्यात झालेल्या व्यापार करारात हे शुल्क आधी निम्म्यावर आणि मग टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले.) शुल्काचा भार कमी करायचा एक मार्ग म्हणजे मिश्रण पिंपांतून आणून इथे बाटल्यांत भरणे. सिंगल मॉल्टला नियमाने स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद व्हावे लागते, ब्लेंडला तशी सक्ती नाही. म्हणून आपल्याकडच्या स्वस्त स्कॉचवर 'भारतात बाटलीबंद' असे लिहिलेले दिसते. ते वाचून ही दुय्यम वस्तू असे समजणारे पुष्कळ आहेत. वस्तुतः मुरवण आणि मिश्रण तिकडेच झालेले असते.

व्याख्येच्या राजकारणाला इथे आणखी एक वळण मिळते. भारतात 'व्हिस्की' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्वस्त पेयांचा आधार उसाच्या मळीपासून गाळलेला मद्यार्क असतो. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला मळी म्हणजे काय हे सांगायला नको. १९०९ च्या व्याख्येत भांडे-स्तंभाचा भेद पुसला गेला, पण 'धान्य' हा शब्द राहिला. तो शब्द आजही युरोपच्या बाजारात अशा पेयांना व्हिस्की म्हणू देत नाही. ज्या व्याख्येने एका मिश्रणाला आत घेतले, तिनेच दुसऱ्याला दाराबाहेर ठेवले.

'पीटर स्कॉट' या भारतीय व्हिस्कीच्या नावावरून स्कॉच व्हिस्की असोसिएशनने चालवलेला वाद २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. निकाल भारतीय कंपनीच्या बाजूने लागला तो मुख्यतः तक्रारीला झालेल्या विलंबामुळे. तरी या प्रकारचे मद्य विकत घेणारा ग्राहक जाणता असतो, केवळ नावातल्या 'स्कॉट'मुळे तो फसत नाही, अशा आशयाचा विचारही न्यायालयाने केला. कायद्याने ग्राहकाच्या रसिकतेवर टाकलेला हा विश्वास सुखावणारा आहे. आपण त्याला किती पात्र आहोत, हे प्रत्येकाने स्वतःच्या पेल्यापाशी तपासावे.

५

चवीच्या न्यायाचा पाश्चात्त्य परंपरेतला एक पायाभूत निबंध एडिंबरात जन्मलेल्या माणसाचा आहे. डेव्हिड ह्यूम यांनी १७५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभिरुचीच्या निकषावरील निबंधात 'डॉन किहोते'मधली एक गोष्ट घेतली आहे. सांचो पांझाच्या घराण्यातल्या दोघांना एका पिंपातल्या मद्याची परीक्षा करायला सांगितले. एक म्हणाला, मद्य उत्तम, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, उत्तम, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांना हसले. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली जुनी किल्ली निघाली. मूळ कादंबरीत त्या दोघांपैकी एकाने मद्य जिभेवर घेतलेसुद्धा नव्हते, फक्त हुंगले होते. आजचे मिश्रणकारही दिवसभर शेकडो नमुने तपासतात ते मुख्यतः नाकाने.

ह्यूम यांचा रसिक सूक्ष्म संवेदनेचा, सराव असलेला, तुलना करू शकणारा आणि पूर्वग्रह बाजूला ठेवणारा असतो. तो मिश्रणातले घटक सुटे करून ओळखतो. हा गुण मोलाचा आहे. पॅटिसनांची लबाडी पकडायला असाच माणूस हवा.

पण किल्ली सापडली म्हणजे मद्याचा न्याय झाला का? इथे आपली परंपरा वेगळे काही सांगते. भरतमुनींनी रसाची कल्पना स्पष्ट करताना अनेक व्यंजने आणि औषधी यांच्या संयोगातून निष्पन्न होणाऱ्या चवीचा दृष्टान्त दिला. अभिनवगुप्तांनी आणि त्यांच्यानंतरच्या आचार्यांनी पानकरसाचा दाखला पुढे नेला. पानक म्हणजे गूळ, मिरे इत्यादी मिसळून केलेले पेय. त्याचा स्वाद गुळाचा नसतो, मिऱ्याचाही नसतो. तो घटकांहून वेगळा, अखंड असा अनुभवाला येतो. विभावादी सामग्री सुटी सुटी न राहता रस एकसंध आस्वादला जातो, हे सांगण्यासाठी आचार्यांना शुद्ध द्रव्य नव्हे, मिश्र पेय आठवले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. या आस्वादाला त्यांनी चर्वणा म्हटले.

ब्लेंडेड स्कॉचचा न्याय करताना या दोन्ही दृष्टी लागतात. केवळ घटक मोजणारा म्हणेल, यात ग्रेन जास्त, मॉल्ट कमी, म्हणून हलकी. तो इस्लिंग्टनच्या दंडाधिकाऱ्याचा वारस. केवळ एकसंधतेवर भाळणारा सपाटपणालाच सफाई समजेल. खरा प्रश्न असा, की घटक एकमेकांत मिसळून काही तिसरे निष्पन्न झाले आहे का, की नुसते एकाने दुसऱ्याला पातळ केले आहे?

६

आता प्रत्यक्ष पेला. पद्धत साधी आहे. तळाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता ग्लास, त्यात तीस मिलिलिटर, आणि शेजारी साधे पाणी. बाटली दुसऱ्या कुणाला तरी दृष्टीआड ओतायला सांगावी. शक्य तर दोन-तीन मिश्रणे, ग्लासांखाली आकडे लिहून. रंगावर विसंबू नये. रंगासाठी कॅरमेल घालायला नियमानेच मुभा आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्या प्रयोगात पांढऱ्या वाइनला गंधहीन लाल रंग दिला, तर वाइनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. डोळा नाकाला शब्द पुरवतो. म्हणून काही परीक्षक निळ्या काचेचे ग्लास वापरतात.

आधी हुंगावे, तोंड किंचित उघडे ठेवून. मग घोट, तोही लहान. मग पाणी घालून पुन्हा. पाण्याने व्हिस्की बिघडते हा गैरसमज आहे. मिश्रणकार स्वतः नमुने बरेच पातळ करून तपासतात. धुरकट गंध देणारा ग्वायाकॉलसारखा रेणू मद्यार्काचे प्रमाण घटल्यावर पृष्ठभागाकडे सरकतो, असे स्वीडनच्या संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिकृतीने दाखवले.

या रीतीने घेतलेल्या 'व्हॅट ६९'बद्दल माझे मत असे. पहिल्या वासात व्हॅनिला आणि साखरेच्या पाकासारखा गोडवा, मागे पिकू लागलेल्या पेअरची हलकी आंबूस झाक. मद्यार्काची नाकाला बसणारी टोचणी आहे; ती या पेयाच्या कोवळेपणाची खूण. जिभेवर ती हलकी आणि गोडसर उतरते, भाजलेल्या बिस्किटाची आठवण होते. धूर आहे, पण चुलीवरून उतरवून बराच वेळ झालेल्या भांड्याला असतो तेवढाच. शेवट लवकर संपतो आणि किंचित कडवट होतो. पाणी घातल्यावर टोचणी जाते, पण त्याबरोबर अंगही पातळ होते. चांगली मॉल्ट पाण्याने उमलते तशी ही उमलत नाही. मात्र थंड सोडा घातल्यावर तिचा तोल पुन्हा सापडतो. गोडवा, पुसट धूर आणि बुडबुड्यांचा तुरटपणा एकमेकांना धरून राहतात. व्हिक्टोरियन काळात या मिश्रणांनी बाजार जिंकला तो सोड्याच्या साथीनेच, हे लक्षात घेतले तर त्यात आश्चर्य नाही. ज्या रंगमंचासाठी नाटक लिहिले तिथेच त्याचा प्रयोग पाहावा, हा न्याय इथेही लागू करायला हवा.

तेव्हा निवाडा असा : नुसती घेतली तर ही मध्यम प्रतीची व्हिस्की आहे; तिच्यात खोली नाही आणि कोवळेपणा लपत नाही. सोड्याबरोबर ती आपले काम चोख करते. घटक सुटे पडत नाहीत, एक निश्चित चव निष्पन्न होते. मोठी नाही, पण खोटीही नाही. तिच्या दुप्पट-तिप्पट किमतीच्या काही सिंगल मॉल्ट मी आकड्यांखाली चाखल्या आहेत, आणि त्यांच्यातली एखादी या साध्या मिश्रणापेक्षा खाली ठेवावी लागली आहे. चिठ्ठी उलटून नाव वाचल्यावर निकाल बदलण्याचा मोह झाला, हेही कबूल केले पाहिजे.

मराठीत या अनुभवाला शब्द नाहीत, ही तक्रार मला पटत नाही. खमंग, करपट, धुरकट, तुरट, उग्र, खवट ही सगळी आपल्या स्वयंपाकघरातली विशेषणे इथे नेमकी लागू पडतात. पिंपात व्हिस्कीचे जे होते त्याला इंग्रजीत वय वाढणे म्हणतात. आपण मुरणे म्हणतो, आणि त्या क्रियापदात काळ, मीलन आणि संयम तिन्ही आहेत. लोणचे मुरते, सूरही मुरतो. 'रस' या एका शब्दावर सौंदर्यशास्त्र उभारणाऱ्या परंपरेने जिभेच्या न्यायाबद्दल संकोच बाळगण्याचे कारण नाही. संकोच बाळगायचा असेल तर तो न चाखता दिलेल्या निकालाबद्दल बाळगावा. पुस्तकांच्या बाबतीत तसे निकाल आपण बरेच देत असतो. एकोणसत्तराव्या पिंपाला कौल देणाऱ्यांना तो कुणाचा, हे ठाऊक नव्हते, असे ती दंतकथा सांगते. ती खरी असो वा नसो, परीक्षकाने आरंभ तिथूनच करावा.